दापोलीच्या पेन्शनरांची मंडळी

माजी सैनिकांच्या संघटनांचा विचार आपण बहुधा पहिल्या महायुद्धापासून आरंभतो. परंतु त्यापूर्वी सुमारे एक पिढी, रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीस, पलटणीतून निवृत्त झालेल्या अस्पृश्य शिपायांमधून जी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' उभी राहिली, तिला या इतिहासात स्थान मिळू नये, हा मला मोठा अन्याय वाटतो.

इंग्रजी अमदानीच्या आरंभी येथे लष्कराची छावणी पडली आणि गावास 'कांप दापोली' हे नाव मिळाले. पुढे फौज हलली, तरी पेन्शनर शिपायांची वस्ती राहिली. ज्या महाराचे जिणे पिढ्यान्‌पिढ्या वतनाच्या चाकरीशी आणि बलुत्याच्या भाकरीशी जखडलेले होते, त्याच्या हाती सरकारी खजिन्यातून रोख रक्कम येऊ लागली आणि पलटणीच्या शाळेमुळे त्याच्या मुलांना अक्षरओळख झाली; ज्यास पाटलाच्या मर्जीवर पोट भरावयाचे नाही, तोच अर्ज लिहू शकतो, आणि म्हणूनच मंडळीचा खरा पाया मी या पेन्शनीत पाहतो.

तिचे संस्थापक गोपाळबाबा वलंगकर हे महाडनजीकच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. 'दीनबंधु' पत्रातून त्यांनी लेखन केले, आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेचा आधार काय, असा सवाल धर्माभिमान्यांपुढे टाकला.

इतक्यात सरकारचे धोरण फिरले. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा भेद करणाऱ्या, सरसेनापती रॉबर्ट्स यांनी उचलून धरलेल्या मतास अनुसरून महारांची सैन्यभरती १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत थांबविण्यात आली. कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरली होती, त्यांनाच शिपाईगिरीचा दरवाजा बंद झाला. ही भरती पुन्हा खुली व्हावी म्हणून वलंगकरांनी १८९४ मध्ये सरसेनापतींच्या नावे अर्ज सिद्ध केला. नावात 'अनार्य' म्हणविणाऱ्या मंडळीने या अर्जात मात्र आपण मूळचे क्षत्रिय असून १३९६ च्या दुर्गादेवीच्या दुष्काळात जीव जगविण्यासाठी निषिद्ध अन्न खाल्ल्याने पतित ठरलो, अशी मांडणी केली. यात विसंगती शोधणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, वंशावरून शौर्य मोजणाऱ्या सरकारास त्याच्याच भाषेत उत्तर देण्यावाचून अर्जदारास गत्यंतर नव्हते. सेवेचा निर्मळ दाखला जेथे पुरेना, तेथे त्याने पूर्वजांचे क्षत्रियत्व साक्षीस बोलाविले.

१८९५ मध्ये सरकारने वलंगकरांना महाड तालुका लोकलबोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्यासमवेत बसण्यास सवर्ण सभासदांनी हरकत घेतली. ज्या हवालदाराने राज्याची चाकरी केली, त्यास एका तालुक्याच्या कचेरीत बैठक मिळू नये, यापरता त्या काळावरील कठोर अभिप्राय मला सुचत नाही. याच सुमारास महू येथून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ सहकुटुंब दापोलीस येऊन राहिले होते. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता.

१९०० साली वलंगकर निवर्तले. भरतीची मागणी पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी चालविली. महायुद्धाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. अर्जात मागितलेली कायमची जागा मिळण्यास दुसरे महायुद्ध यावे लागले: १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावास महार रेजिमेंट स्थापन झाली.