भाकरी, ट्यूबलाइट आणि टाळी: व्हिडिओ शिकवण्याविषयीचे गैरसमज

मराठवाड्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत व्हिडिओ चित्रण आणि संकलन शिकवायचे म्हटले की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा निघतो. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे असतो तसा मोठा कॅमेरा, स्टँड आणि लाइट हवेत, असे गृहीतच धरलेले असते. प्रत्यक्षात पहिल्या धड्यांना शिक्षकाच्या खिशातला मोबाइल पुरतो. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटने २०१७ पासून गावोगावी नेलेल्या ‘स्किफ्ट’ उपक्रमातही स्मार्टफोनवर चित्रपट करण्याचे लघु अभ्यासक्रम होते. स्टँडचे काम बाकावर रचलेली चार पुस्तके करतात.

‘फोर-के’वर ठेवले की व्हिडिओ चांगला येतो, हा पुढचा समज. फोर-केच्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख बिंदू असतात, फुल एचडीच्या चौकटीत सुमारे २१ लाख. चौपट बिंदूंमुळे बारकावे वाढतात, पण अंधारी खोली उजळत नाही आणि हललेला हात स्थिर होत नाही. शाळेच्या संगणक कक्षातला जुना संगणक मात्र त्या ओझ्याने अडखळतो. शिकण्यासाठी फुल एचडी उत्तम. बोटांनी पडदा ताणून केलेला झूमही बहुतेक वेळा चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करण्याचाच प्रकार असतो. त्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

उजेडाचा गैरसमज मराठवाड्यात विशेष नडतो. ऊन जितके कडक तितके चित्र चांगले, असे वाटते. एप्रिलच्या भर दुपारी मैदानात उभ्या केलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात, कारण सूर्य डोक्यावर असतो. त्याच मुलाला व्हरांड्याच्या सावलीत, उजेडाकडे तोंड करून उभे केले की चेहरा सौम्य आणि स्वच्छ येतो. वर्गात वेगळीच अडचण असते. पट्ट्या सरकत असलेले चित्र दिसले की मोबाइल बिघडला असे मानले जाते. दोष बहुधा ट्यूबलाइट आणि कॅमेऱ्याच्या वेगाच्या बेबनावाचा असतो. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले की पट्ट्या जातात. मोबाइलमध्ये ही सोय नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीशी बसावे.

कॅमेरा सुरू केला की घडते ते जसेच्या तसे उतरते, ही समजूत सेलूच्या रेल्वेमार्गावरच खोटी ठरवता येते. परभणीकडे जाणारी गाडी रुळांच्या दक्षिणेकडून टिपली तर पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावते. तीच गाडी उत्तरेकडून टिपली तर उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट जोडले की प्रेक्षकाला एकतर गाडी परत फिरल्यासारखी वाटते, नाहीतर समोरून दुसरी आल्यासारखी. म्हणून एका प्रसंगाचे सगळे शॉट हालचालीच्या काल्पनिक रेषेच्या (इथे रुळांच्या) एकाच बाजूने घेतात. (हा प्रयोग फाटकाबाहेरून, सुरक्षित अंतरावरूनच करावा. विनापरवाना रुळांवर उतरणे रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे.)

चित्रण सलगच हवे, हेही खरे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ ही फीत रोपाचे एकेक चित्र थांबून थांबून घेत तयार केली. तासाला एक याप्रमाणे कुंडीतल्या हरभऱ्याचे दहा दिवस फोटो घेतले तर २४० होतात. सेकंदाला २५ च्या वेगाने ते सुमारे साडेनऊ सेकंदांत संपतात आणि कोंब माती फोडून वर येताना दिसतो.

सर्वांत जास्त व्हिडिओ मात्र आवाजाने मार खातात. चित्र स्पष्ट आले की आवाज आपोआप येतो, असे समजले जाते. माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागी आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. पंख्याची घरघर आणि पत्र्याखालचा घुमारा तेवढाच राहतो, आणि बोलणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. यावर बिनखर्ची उपाय आहे. दुसरा मोबाइल व्हॉइस रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवावी. संकलनात तळवे भिडल्याची चौकट आणि टाळीच्या आवाजाचे टोक जुळवले की दोन्ही रेकॉर्डिंग एका ताळ्यावर येतात. सिनेमातली क्लॅपची पाटी हेच काम करते.

संकलन म्हणजे खराब तुकडे कापून टाकणे आणि जोडांवर चमचमते ट्रान्झिशन लावणे, हा गैरसमज मोबाइल अ‍ॅपमुळे पक्का झाला आहे. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांच्या गाजलेल्या प्रयोगात एकच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या वाडग्याशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला होता. प्रेक्षकांना त्यात भूक आणि शोक दिसला, असे सांगितले जाते. अर्थ जोडातून उभा राहतो. मुलांसाठी याचा सोपा धडा चुलीपुढे आहे. ज्वारीची भाकरी करणाऱ्या आजीचे पाच शॉट घ्यावेत: पीठ थापणारे हात, चेहरा, चुलीसह सगळी जागा, खांद्यामागून दिसणारी परात, आणि मुलाला सुचेल तो एक. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हात न हलवता. मग लांबच्या शॉटमध्ये हात पिठाकडे निघाला की तिथेच कापून जवळच्या शॉटमध्ये तो पिठावर पडताना दाखवायचा. हालचालीच्या ओघात कट डोळ्याला टोचत नाही, आणि थापण्याचा आवाज खालून अखंड चालू ठेवला तर जाणवतही नाही. पुढे भाकरीवर पाणी फिरवणारा हात आणि लगेच निखाऱ्यापाशी फुगलेली भाकरी: काही मिनिटांचे काम अर्ध्या मिनिटात दिसते आणि काही गाळले आहे असे वाटत नाही. यात एकही ट्रान्झिशन लागत नाही.

सॉफ्टवेअरवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफत आहेत, दाव्हिंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे. त्याला मात्र दणकट संगणक लागतो.

तीस सेकंदांपर्यंतचे गाणे वापरायला परवानगी लागत नाही, ही समजूत निराधार आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये अशी मर्यादा कुठेच नाही. कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी आणि शाळेच्या कार्यक्रमांसाठी काही सवलती आहेत. पण स्नेहसंमेलनात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे गाणे वाजवणे वेगळे आणि तेच गाणे घातलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकणे वेगळे. गावातल्या भजनी मंडळाला विचारून टाळ-मृदंग रेकॉर्ड केला तर हा प्रश्न येत नाही. ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना, आणि मुलांच्या बाबतीत पालकांना, चित्रणाआधी विचारलेले बरे.

तयार व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर धूसर झाला की संकलनाला दोष दिला जातो. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती आहे तशी पोहोचते. मूळ शॉट पेन ड्राइव्हवर उतरल्याची खात्री होईपर्यंत मोबाइलमधून पुसू नयेत.