वाहते पाणी आणि विषाचा घाव

'वाहते पाणी शुद्ध असते' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवासात तहान लागली की आपण डबक्याचे पाणी टाळतो आणि ओढ्याचे पाणी ओंजळीने पितो. या समजुतीत काही तथ्य आहे काय? असल्यास ते किती आहे? ऐकीव गोष्ट पारखून घेतल्याशिवाय स्वीकारू नये, या भूमिकेतून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यासाठी आम्ही एका नदीची हकीकत निवडली आहे. ही नदी आपल्यापासून फार दूरची आहे. परंतु एका रात्रीत मेलेली नदी पुन्हा कशी जिवंत झाली, याचा इतका बारकाईने झालेला अभ्यास क्वचितच आढळतो.

एका रात्रीत मेलेली नदी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात सॅक्रामेंटो नावाची नदी आहे. डोंगरातून खळाळत येणारे तिचे पाणी थंड आणि नितळ असून ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. १४ जुलै १९९१ च्या रात्री डन्सम्युअर या गावाच्या वरच्या अंगाला, कँटारा नावाच्या अवघड वळणावर, एका मालगाडीचे डबे रुळावरून घसरले. त्यांतील एक टँकरची वाघीण नदीत कोसळून फुटली. तिच्यातून सुमारे ७२ हजार लिटर मेटॅम सोडियम पाण्यात गेले. शेतजमिनीतील कृमी, बुरशी आणि तणांचे बी मारण्यासाठी हे रसायन वापरतात. त्या काळच्या वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालाच्या यादीतही नव्हते.

मेटॅम सोडियम पाण्यात मिसळले की त्याचे विघटन होऊन मिथाइल आयसोथायोसायनेट हे अधिक विषारी द्रव्य तयार होते. नावात साम्य असले तरी १९८४ मध्ये भोपाळमध्ये ज्या वायूने हजारोंचे बळी घेतले तो हा नव्हे. मात्र याचीही वाफ डोळे आणि छाती जाळणारी असते. डन्सम्युअरच्या शेकडो लोकांना तिचा त्रास झाला. विषाचा हिरवट लोंढा तीन दिवसांत सुमारे ६० किलोमीटर खाली, शास्ता धरणाच्या जलाशयापर्यंत पोहोचला. वाटेतील दहा लाखांहून अधिक मासे मेले. किडे, गोगलगाई, शिंपले आणि झिंग्यासारखे कवचधारी प्राणी तर मोजण्यापलीकडे मेले. काठावरची, आपल्याकडील वाळुंजाच्या जातीची झाडेसुद्धा वाळून गेली.

आधी पाणी, मग जीव

अशा नदीत पुन्हा जीव येतो तो एका ठरावीक क्रमाने. मागची पायरी झाल्याशिवाय पुढची होत नाही. येथे चमत्कार नाही, निव्वळ कार्यकारणभाव आहे.

पहिली पायरी म्हणजे विष निघून जाणे. हे विष उडून जाणारे होते. खळाळत्या पाण्यात हवा मिसळते, त्या हवेबरोबर ते बाहेर पडले. सूर्यप्रकाशाने हवेत त्याचे तुकडे झाले आणि मागून येणाऱ्या स्वच्छ पाण्याने उरलेले धुऊन नेले. जलाशयाच्या संथ पाण्यात हे काम आपोआप होईना, म्हणून तेथे नळ्यांमधून हवा सोडून पाणी घुसळावे लागले. काही आठवड्यांत पाणी विषमुक्त झाले. पण स्वच्छ पाणी म्हणजे जिवंत नदी नव्हे. त्या वेळी ती नदी म्हणजे निव्वळ वाहणारे पाणी होते.

दुसरी पायरी शेवाळाची. दगडावर पाय ठेवला की घसरतो तो बुळबुळीत थर आपल्याला नकोसा वाटतो, परंतु ओढ्यातील चूल त्याच्यावरच पेटते. हा थर सर्वांत आधी परत येतो. त्याला खाणारे कोणी उरलेले नसते, त्यामुळे सुरुवातीला तो जोमाने वाढतो.

तिसरी पायरी किड्यांची. ओढ्याच्या दगडाखाली राहणारे बहुतेक किडे हे बालपण पाण्यात काढतात आणि मोठेपणी पंख फुटून हवेत उडतात. आपल्या ओळखीचा चतुर त्यांच्यापैकीच एक होय. हे किडे दोन वाटांनी परत येतात. वरच्या पाण्यातील लहान किडे प्रवाहाबरोबर रोज वाहत खाली येत असतात, आणि पंख फुटलेल्या माद्या हवेतून येऊन अंडी घालतात. ज्यांचे आयुष्य काही आठवड्यांचे, ती चिलटांसारखी जात लवकर पसरते. ज्यांना वाढायला एक-दोन वर्षे लागतात, ते किडे उशिरा येतात. गोगलगाई आणि शिंपल्यांना पंख नाहीत, पोहताही येत नाही. म्हणून सॅक्रामेंटोतही ते सर्वांच्या मागे राहिले.

चौथी पायरी माशांची. अपघाताच्या जागेच्या वरचा थोडा पट्टा, बाजूने येऊन मिळणारे अनेक ओढे आणि खालचा जलाशय येथे मासे शिल्लक होते. तेथून ते मोकळ्या झालेल्या नदीत शिरले. पहिल्या आलेल्यांना भरपूर खाणे आणि मोकळी जागा मिळाली. वाटेकरी कोणी नव्हते, त्यामुळे ते झपाट्याने वाढले आणि त्यांची पिल्लेही मोठ्या प्रमाणात जगली. सरकारने मासेमारी बंद ठेवली आणि नदीला आपल्या गतीने सावरू दिले. १९९४ मध्ये कडक अटींवर मासेमारी पुन्हा सुरू झाली. तरी काठावर उभे राहून मासे दिसले म्हणजे नदी पूर्ववत झाली असे होत नाही. लहान, मध्यम आणि वयस्क अशा सर्व वयांचे मासे, त्यांचे सर्व प्रकारचे खाद्य आणि काठाची सावली हे सारे जुळून यायला त्याहून अधिक वर्षे लागतात. या हानीपोटी रेल्वे कंपनी आणि इतर जबाबदार कंपन्यांकडून सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर्सची भरपाई ठरली, आणि तिच्यातील मोठा वाटा नदीच्या अभ्यासासाठी व दुरुस्तीसाठी राखून ठेवण्यात आला.

घाव एकदाचा आणि घाव रोजचा

यावरून कोणी म्हणेल, नदी आपोआप बरी होते तर काळजी कशाला? येथेच आम्ही वाचकांना थांबवू इच्छितो. सॅक्रामेंटो सावरली कारण तीन गोष्टी जुळल्या होत्या. विष एकदाच पडले, ते टिकून राहणारे नव्हते आणि आसपास जिवंत पाणी शिल्लक होते. यांतील एक जरी गोष्ट नसती तरी हकीकत निराळी झाली असती.

जपानमधील मिनामाता येथे ती निराळीच झाली. तेथील कारखान्याने १९३२ ते १९६८ अशी ३६ वर्षे पाऱ्याचे संयुग समुद्राच्या खाडीत सोडले. पारा उडूनही जात नाही आणि कुजूनही जात नाही. तो गाळात बसला, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत आणि माशांतून कोळ्यांच्या घरात आला. १९५६ मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, तेव्हा हातपाय वाकडी झालेली लेकरे घराघरांत होती. गाळ उपसण्याचे काम १९७७ मध्ये सुरू झाले ते १९९० मध्ये संपले, आणि खाडीतील मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. त्या खाडीत कोणतीही गाडी घसरली नव्हती, कोणताही स्फोट झाला नव्हता. रोजचे काम नेहमीप्रमाणे चालू होते, एवढेच.

युरोपातील ऱ्हाइन नदीला दोन्ही घाव होते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीडनाशके नदीत गेली. पाणी लाल झाले आणि सुमारे दीड लाख ईल मासे मेले. परंतु त्या नदीतील साल्मन मासा याआधीच, १९५० च्या दशकापर्यंत, नाहीसा झाला होता. त्याला कारखान्यांच्या आणि शहरांच्या रोजच्या सांडपाण्याने आणि वाट अडवणाऱ्या बांधांनी घालवले होते. १९८६ च्या आगीने लोक खडबडून जागे झाले. १९८७ मध्ये काठावरच्या देशांनी मिळून कार्यक्रम आखला. रोजचे विष निम्म्यावर आणायचे आणि साल्मन परत आणायचा, असे त्यांनी ठरविले. आग विझवलेले पाणी अडवून धरणाऱ्या टाक्या बांधण्यात आल्या, माशांना चढायला बांधांवर पायऱ्या करण्यात आल्या, आणि १९९० च्या दशकात साल्मन पुन्हा दिसू लागला.

आपल्या ओढ्यांचे काय?

आपल्याकडील ओढे उन्हाळ्यात आटतात. मासे डोहांत तग धरतात आणि पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. म्हणजे आपल्या ओढ्याचे बियाणे डोहांत आणि वरच्या झऱ्यांत साठवलेले असते. डोह गाळाने भरला, वरचा झरा नासला किंवा मधल्या बंधाऱ्याने वाट अडली, तर खालचे पाणी कितीही स्वच्छ झाले तरी मासे येणार कोठून?

घाटात रसायनाचा टँकर उलटला असेल तर काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात. सांडलेले रसायन पाणी मारून ओढ्यात लोटू नये, मातीचा बांध घालून ते अडवावे. वाऱ्याच्या उलट बाजूस, दूर थांबावे. मेलेले मासे फुकट मिळाले म्हणून घरी आणू नयेत, गुरांना ते पाणी पाजू नये. गरिबाच्या घरी फुकटचा मासा नाकारणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे आधी सांगून ठेवणे आवश्यक आहे. पोलीस, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना ताबडतोब कळवावे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने नदीनाल्यात विषारी द्रव्य सोडण्यास मनाई केली आहे, आणि जो पाणी नासवील त्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले आहे. हे हक्क कागदावर आहेत, ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत.

तेव्हा, वाहते पाणी शुद्ध असते हे अर्धेच खरे आहे. वाहते पाणी स्वतःला शुद्ध करू शकते, पण त्याला उसंत मिळाली तर. एकदा झालेला घाव नदी भरून काढते, रोजचा घाव ती भरून काढू शकत नाही. मोठ्या अपघाताची बातमी होते, ओढ्याला मिळणाऱ्या लहानशा फेसाळ नाल्याची होत नाही. आपल्या वस्तीशेजारच्या ओढ्यात मासे आहेत काय, दगड उलटला तर खाली किडे आहेत काय, हे एकदा मुलांना बरोबर घेऊन पाहून यावे. नसतील, तर ते केव्हापासून नाहीत हे वस्तीतील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. तेथूनच सुरुवात होऊ शकते.