जोड

दिवाळी अंकासाठी खासबाग मैदानावर लिहून द्या, असा संपादकांचा एप्रिलमध्येच फोन आला आणि मी कोल्हापूर गाठलं. खासबागचा इतिहास कोल्हापुरात पानपट्टीवर उभा असलेला माणूसही सांगतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान आपल्या पैलवानांसाठी बांधायचं मनात घेतलं. १९०७ साली काम सुरू झालं आणि १९१२ साली मैदान उभं राहिलं. मधोमध मातीचा आखाडा, भोवती उतरती बैठक, कुठंही बसा, लढणाऱ्यांचे पाय दिसतात. मी गेलो तेव्हा भर दुपारी ते रिकामं होतं. दोन पोरं सावलीला झोपली होती. फोटो काढले, टिपणं घेतली, लेख तासाभरात लिहून झाला असता. बाहेर चहा पिताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, "रिकामं मैदान बघून काय कळणार? परवा आमच्या गावची जत्रा हाय. कुस्त्या हायत. या."

मी गेलो, आणि खासबागचा लेख तिथंच राहिला.

नदीकाठच्या शेतात ट्रॅक्टरनं माती ओतून आखाडा केला होता. दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन असं की डोक्यावरचा टॉवेल काढवत नव्हता. हलगी आणि घुमकं कडकडत होतं. पोस्टरवर वरच्या बाजूला मोठ्या पैलवानांचे फोटो होते, पण ते रात्री दिव्यांच्या उजेडात लढणार होते. आत्ता आखाड्याच्या कडेला सत्तर-ऐंशी पोरं उघड्या अंगानं उभी होती. कुणाचे बाप सोबत, कुणी तालमीच्या पोरांबरोबर एस्टीनं आलेलं. या पोरांची नावं पोस्टरवर नसतात. त्यांची कुस्ती कुणाशी हे तिथंच, त्या क्षणी ठरतं. त्याला जोड नेमणं म्हणतात आणि ते काम त्या गावात एकच माणूस करतो. सत्तरी ओलांडलेले, पांढरा फेटा, गुडघ्याला पट्टा. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वजनकाटा नव्हता. आबा एका पोरासमोर थांबत, त्याच्या मानेमागे अंगठा फिरवत, मनगट पकडून दाबून बघत, मग कमरेला धरून वीतभर उचलत. तोंडानं प्रश्न सुरूच.

"कुठली तालीम?"

"शाहूपुरी."

"किती दिस माती?"

"दोन वर्सं."

"गेल्या जत्रंत कुणासंगं धरलीस? पाठ कुणी लावली?"

एवढं झालं की त्याच्या दंडाला धरून आबा गर्दीतून चालू लागत. पाच-सहा पोरं ओलांडत, एकाच्या शेजारी त्याला उभं करत, दोघांना पाठीला पाठ लावून उंची बघत, मग खांद्याला खांदा. मान हलली तर बाजूला. जमलं तर दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत आणि खिशातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीनं एक रेघ मारत. एवढ्या कामाला एका जोडीमागं मिनिटभर लागत असेल. ते मिनिट मी त्या दुपारी पन्नासेक वेळा बघितलं आणि एकदाही कंटाळलो नाही.

कारण पोरं फसवतात. दोन वर्षं तालमीत घुमलेला पोरगा "नवीन हाय" म्हणतो, म्हणजे कच्चा गडी मिळेल, चटकन पाठ लावता येईल आणि शंभर-दोनशेचं इनाम घेऊन फेरी मारता येईल. छाती आत ओढून, खांदे पाडून उभा राहतो. असा एक आबांनी माझ्यासमोर पकडला. त्याचं बोलणं ऐकूनच घेतलं नाही, कान बघितला. पाकळी सुजून आत वळायला लागली होती. कान मोडायला तो पुन्हा पुन्हा घासला जावा लागतो, महिना-दोन महिन्यांत तसा होत नाही. "नवा म्हनं," एवढंच म्हणून आबांनी त्याला थेट तीन वर्षं मुरलेल्या पोरासमोर उभं केलं. नंतर त्यांनी मला पायही बघायला शिकवलं. मुरलेला गडी नुसता उभा असला तरी पायाची बोटं माती धरून असतात.

याच्या उलटही असतं. वर्गणी देणाऱ्याचा पुतण्या असतो, त्याला सोपा गडी द्या म्हणून कानात सांगणारे असतात. एकाच तालमीतल्या दोघांना समोरासमोर आणायचं नसतं, कारण ते गुरुभाऊ. सख्ख्या शेजारच्या दोन गावांची भांडणं असतील तर तेही ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर पोरांची कुस्ती संपते आणि मोठ्यांची सुरू होते. हे सगळं आबांच्या डोक्यात असतं.

जोड चुकली तर काय होतं तेही पाहिलं. एका जोडीला आबांचं लक्ष नव्हतं, कमिटीतल्या कुणीतरी घाईत लावून दिली. हातसलामी झाली, शड्डू झाला, आणि मोठ्या पोरानं धाकट्याला एकेरी पट काढून असा आपटला की चार सेकंदांत पाठ लागली. लोक हसले. धाकटा उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पाठीवरची तांबडी माती पुसायचंही त्याला सुचलं नाही. आबा तिकडं धावले, त्याची पाठ स्वतःच्या फेट्याच्या शेवटानं झाडली आणि कमिटीच्या माणसाला सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यो आता पुन्हा तालमीत जाईल का? जाईल का सांग."

आणि जोड बरोबर जमली तर? शाहूपुरीच्या त्या पोराला आबांनी एक काळासावळा, आखूड मानेचा गडी दिला होता. पहिली दोन मिनिटं नुसती खडाखडी. मानेवर हात, झटका, पुन्हा हात. मग काळ्या पोरानं पट काढून याला खाली घेतलं. हा पालथा, हनुवटी मातीत रुतवलेली, हात पोटाखाली घट्ट. वरचा घिस्सा ओढायला बघतोय, खालचा तसूभर हलत नाही. हलगी वाढत गेली. मैदानात बसलेली माणसं नकळत गुडघ्यावर आली होती, मीही. एका क्षणी खालच्यानं गुडघा आत घेतला, उठला, आणि उठता उठता आतली टांग लावली. दोघंही पडले, पाठ मात्र कुणाचीच लागली नाही. वेळ संपली. पंचांनी बरोबरीत सोडवली. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि दोघंही हात जोडून फिरले. लोकांनी दहा-वीसच्या नोटा दोघांच्या हातांत कोंबल्या. अख्ख्या दुपारभरात एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुणाला मिळाल्या नाहीत.

त्या रात्री मोठ्या कुस्त्याही बघितल्या, पण घरी येताना बसमध्ये मला ती बरोबरीच आठवत होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावाला गेलो. मग तिसऱ्या. चैत्र-वैशाखात या भागात रोज कुठं ना कुठं जत्रा असते आणि आबांना चार-पाच गावांचं बोलावणं असतं. मला आता पेपरातल्या जिल्ह्याच्या पानावर कुस्त्यांच्या जाहिराती आधी दिसतात. इकडं आमच्यासारख्यांना कुस्तीशौकीन म्हणतात. हा शब्द मला अभिमानाचा वाटतो.

एकदा आबांबरोबर पहाटे तालमीत गेलो. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावं कुस्तीमुळं देशभर माहीत आहेत, आणि पाटाकडील, दिलबहार अशा तालमींची फुटबॉलमुळं. पहाटे साडेचारला हौद्यात पोरं खोऱ्यानं माती खणत होती. नंतर जोर, बैठका, मग लढती. मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर, काव मुरवलेली असते. ओंजळ उचलून नाकाशी नेली तर आंबट आणि थंड वास येतो. दिवसभर तो हाताला राहिला. मला तो धुवावासा वाटला नाही.

आता काळजीचं.

गावची वर्गणी वाढली, इनामं लाखांत गेली, याचं मला आधी कौतुक वाटलं. मग आबांची डायरी बघितली. पूर्वी एका मैदानात शंभर-सव्वाशे रेघा असायच्या, आता चाळीस-पन्नासावर थांबतात. पैसा सगळा नंबर एकच्या कुस्तीला जातो. पंजाब-हरियाणाचा, कधी इराणचा पैलवान आणला की पोस्टर भारी होतं, बातमी येते. तळातल्या पोरांच्या कुस्त्या मग उन्हात उरकून टाकायच्या असतात. दुपारी चारला कमिटी आबांना घाई करते. आणि एवढा पैसा लावलेली मोठी कुस्ती कधी वीस मिनिटं नुसती खडाखडी करून सुटली की मैदानात "नुरा, नुरा" ओरडा सुरू होतो. ठरवून लढलेली कुस्ती, असा तो आरोप. खरा असो वा खोटा, तो एकदा ऐकला की पुढच्या जत्रेला माणसं कमी येतात. आमच्याच पोरांच्या मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई असतं, तिथं निकाल आधी ठरलेला असतो हे त्यांना ठाऊक आहे आणि ते आनंदानं बघतात. त्यात मला गैर वाटत नाही. तो वेगळा खेळ आहे आणि तसं म्हणूनच दाखवला जातो. निकाली म्हणून दवंडी पिटून नुरा लढणं हे मात्र त्या चार सेकंदांत हरलेल्या पोराची फसवणूक आहे.

खुराकाचं गणितही बसत नाही. दूध, तूप, बदाम, मटण, हे शेतकऱ्याच्या घरानं पाच-सहा वर्षं पुरवायचं आणि शेवटी पोरानं पोलिस भरतीची वाट धरायची. ज्यांचे बाप पुरवू शकत नाहीत ते मध्येच सुटतात, आणि मध्येच सुटलेले म्हणजे आबांच्या डायरीतल्या न पडलेल्या रेघा. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून पैसे उभे केले होते. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. ही गोष्ट इकडं प्रत्येक मैदानात माईकवरून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. सत्तर वर्षांनंतरही पैलवानासाठी कुणाचं तरी घर गहाण पडतंच आहे, बहुतेक वेळा बापाचं.

२०१९च्या महापुरात कोल्हापूरच्या खालच्या पेठांत पाणी शिरलं. पुढच्याच वर्षी कोरोना आला आणि लागोपाठ दोन वर्षं जत्रा भरल्या नाहीत. दोन वर्षं जोड नाही म्हणजे तेव्हाची चौदा-पंधरा वर्षांची एक पिढीच मैदानात न उतरता मोठी झाली. आबा म्हणतात, आज अठरा-वीस वयाच्या पोरांत त्यांना मधला गडी सापडत नाही. एकदम कच्चे आहेत किंवा एकदम तयार, आणि यांना एकमेकांसमोर उभं करता येत नाही.

आणि मुली. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तेव्हापासून गावच्या मैदानात बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून आलेल्या मुली मला जास्त दिसतात. गेल्या हंगामात एका मैदानात तेरा वर्षांची एक मुलगी सकाळी अकरापासून बसली होती. केस बारीक कापलेले, कुस्तीचा पोशाख पिशवीत. आबांनी तिचं मनगट धरून बघितलं, उचलून बघितलं आणि गप्प राहिले. तिच्या तोडीची दुसरी मुलगीच मैदानात नव्हती. तिच्या बापानं पोराशी लावा म्हटलं. आबांनी एक पोरगा निवडला, तर त्या पोराच्या बापानं हात जोडले. हरला तर गावात तोंड कसं दाखवू, म्हणाला. संध्याकाळी सहा वाजता ती मुलगी तशीच परत गेली. जाताना आबांच्या पाया पडली. आबांनी डायरीत तिचं नाव लिहिलं, त्याच्यापुढं वजन, गाव आणि बापाचा नंबर. नाव लिहिताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं, एरवी फक्त रेघ असते.

त्यानंतर ते जिथं जातील तिथं विचारतात. "बेचाळीस किलोची हाय का कोन?" मीही विचारायला लागलो. गेल्या महिन्यात कामासाठी सांगलीकडं गेलो होतो, एका छोट्या तालमीतून मुलींचा आवाज ऐकू आला म्हणून आत डोकावलो. वस्तादांची परवानगी घेतली, तिघींचं वजन विचारलं. एक बेचाळीसची निघाली. तिथूनच आबांना फोन लावला.

"सापडली," मी म्हणालो.

"किती दिस माती?" आबांनी विचारलं.

ते विचारायचं राहिलं होतं. थांबा म्हटलं आणि परत आत गेलो.