घर घेताय? आधी कोणती मोजणी, ते ठरवा

गटाचं कर्ज काढून, बकऱ्या विकून, मजुरीचा पैसा जोडून आपण घर घेतो. तो पैसा पुन्हा उभा राहत नाही. म्हणून आज घर घेण्याआधीच्या मोजणीबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईंनी गावठाणातलं दोन खोल्यांचं घर घेतलं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ नावावर झाला. सासूबाई म्हणाल्या, "नमुना आठ हाय ना, मंग कायले मोजाचं?" तीन वर्षांनी शेजाऱ्यानं मोजणी आणली, तर न्हाणी आणि जिना त्याच्या जागेत निघाले. दोन्ही पाडावे लागले. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. त्या कर्जाला मंजुरी आम्हीच दिली होती. कागद सगळ्यांनी पाहिला, जागा कोणीच मोजून पाहिली नव्हती.

नमुना आठ ही घरपट्टीसाठीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा, ते त्यावरून कळतं. भिंत कुठे संपते आणि शेजाऱ्याची जागा कुठे सुरू होते, ते कळत नाही. त्यासाठी मोजणीच लागते. पण कोणती? घर कुठे उभं आहे, त्यावर ते ठरतं.

घर गावठाणात असेल, तर आधी विचारा, गावाची ड्रोन मोजणी झाली का? केंद्र सरकारची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. तिच्यात चुन्यानं हद्दी आखतात, वरून ड्रोननं फोटो घेतात आणि चौकशी करून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड तयार होतं. ते असेल तर त्यावरचं नाव, क्षेत्र आणि नकाशा प्रत्यक्ष घराशी ताडून पाहा. अजून नसेल, तर निदान चारही शेजाऱ्यांना बोलावून टेप लावा. लांबी, रुंदी आणि चतुःसीमा लिहून त्यांच्या सह्या घ्या. ही सरकारी मोजणी नव्हे, पण वाद असेल तर तो त्याच दिवशी तोंडावर येतो.

नकाशा आहे, पण हद्दीबद्दल शंका आहे, तर हद्द कायम मोजणी मागा. आपल्या जिल्ह्यात 13 तालुके आहेत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हा अर्ज होतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार असतात, घाईप्रमाणे फी वाढते. शेजाऱ्यांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. एक गोष्ट ध्यानात ठेवा: अर्ज विकणाऱ्याच्या नावानंच होतो, कारण नोंद त्याची असते. म्हणून मोजणी खरेदीच्या आधी करून घ्यायची. फी कोणी भरायची, ते आपसात ठरवा.

भावाभावांच्या सामाईक जागेतला एक हिस्सा घेत असाल, तर पोटहिस्सा मोजणी हवी. ती नसेल, तर तुमचा हिस्सा पूर्वेचा की पश्चिमेचा, हे कागदावर ठरतच नाही. त्या व्यवहाराला बाकीच्या हिस्सेदारांची संमतीही पाहा.

शेताच्या कडेला पाडलेला प्लॉट असेल, तर सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा मागा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेला प्लॉट घेऊ नका. शंभर रुपयांवरच्या घर-जमिनीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते.

जागा नीट निघाली, तरी घर नीट आहे का, हे वेगळंच तपासावं लागतं. पूर्णेच्या काठाकडे, मलकापूर, नांदुरा, शेगावच्या बाजूला काळी माती खोल आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलला की भिंतीला भेगा जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसली, तर तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फाटली, तर भेग वाढते आहे. जुन्या धाब्याच्या घरात लाकडावर ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर उधई लागलेली असू शकते. स्लॅबच्या घराला स्वतःच्या खर्चानं एखादा अभियंता दाखवा. बँकेचा माणूस येतो, तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते पाहायला. त्याची भेट म्हणजे तुमची तपासणी नव्हे.

हे सगळं इसार देण्याआधी. इसार द्यावाच लागला, तर पावतीवर लिहून घ्या: मोजणीत जेवढी जागा निघेल, तेवढ्याचाच व्यवहार, वाद निघाला, तर इसार परत.

आमच्या गटात आता घराच्या कर्जाचा अर्ज आला, की आम्ही तीन गोष्टी विचारतो. नोंद कोणाची? हद्द कोणी दाखवली? भिंती कोणी तपासल्या? तिन्हीची उत्तरं मिळाल्यावरच ठरावावर सह्या होतात. पुढच्या बैठकीत तुमच्याही गटात हे तीन प्रश्न वाचून दाखवा. आणि घर घ्याल, तेव्हा खरेदीखतावर तुमचंही नाव घाला.