फाइल उघडत नाही तेव्हा : सामायिक ड्राइव्हवरील अडथळ्यांचे निदान

गेल्या आषाढातील एका सोमवारी, सकाळच्या गर्दीत, आमच्या औषधालयातील फार्मासिस्ट भगिनी तपासणी-कक्षात आल्या व म्हणाल्या, “सर, या ताईंना कुमार्यासव पुन्हा द्यायचंय ना? यादीत चालू दिसतंय. पण त्यांना तर दिवस गेलेत म्हणतात.”

सदर रुग्णेस गर्भधारणा झाल्याचे आम्हांस बारा दिवसांपूर्वीच समजले होते. कुमार्यासव आम्ही त्याच क्षणी बंद केले होते आणि ‘चालू औषधे’ या संगणकावरील तक्त्यात तशी नोंद आमच्या देखत झाली होती. तरीही काउंटरवरील पडद्यावर जुनीच योजना दिसत होती. त्या भगिनींनी विचारले म्हणून बाटली दिली गेली नाही. त्यांनी यादीवर विश्वास ठेवला असता, तर दोष त्यांना देता आला नसता.

शोध घेता उलगडा झाला. त्या दिवशी तक्ता उघडताना ‘फाइल इज लॉक्ड फॉर एडिटिंग’ असा संदेश आला होता. बाहेर सतरा रुग्ण खोळंबलेले. आमच्या साहाय्यकाने फाइलची प्रत स्वतःच्या पडद्यावर जतन केली, तिला ‘नवीन’ असे नाव दिले आणि दिवसभराच्या तेवीस नोंदी तीत केल्या. दुसऱ्या दिवशी मूळ फाइल विनातक्रार उघडली, त्यामुळे प्रत कोणाच्या स्मरणात राहिली नाही. उरलेल्या बावीस रुग्णांना आम्ही त्याच दिवशी दूरध्वनी केले. त्यांतील दोघांच्या मात्रेत बदल होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

आमच्या अनेक वैद्यबंधूंकडे व औषधनिर्मात्यांकडे आज अशीच व्यवस्था आहे. एका संगणकावर सामायिक फोल्डर. तपासणी-कक्ष, काउंटर, निर्मिती-विभाग व हिशेब यांचे संगणक त्याला जोडलेले. जोडणी करून देणाऱ्या गृहस्थाने प्रत्येक ठिकाणी त्या फोल्डरला ‘एस’ किंवा ‘झेड’ असे अक्षर दिलेले. ते अक्षर म्हणजे केवळ टोपणनाव होय. खरा पत्ता हा मुख्य संगणकाचे नाव आणि फोल्डरचे नाव मिळून बनतो. अडचण आली की आपण टोपणनावाकडे पाहत बसतो आणि खरा पत्ता कोणालाच ठाऊक नसतो.

संगणक हा आमचा विषय नव्हे. परंतु त्या सोमवारनंतर आम्ही दोन महिने प्रत्येक अडथळा वहीत टिपून ठेवला व जाणकारांकडून समजावून घेतला. त्यातून ध्यानात आले ते असे की, ‘फाइल उघडत नाही’ हे एक लक्षण आहे, व्याधी नव्हे. ज्वर पाहताच एकच काढा देणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही. येथे मात्र प्रत्येक अडथळ्यावर ‘संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ हा एकच काढा चालतो. अडथळा बहुधा तीन जागी असतो: फाइलपर्यंतच्या मार्गात, प्रवेशाच्या परवानगीत, किंवा खुद्द फाइलमध्ये.

मार्गाचे प्रकरण त्यातल्या त्यात सोपे. मुख्य संगणक सापडलाच नाही, तर पडद्यावर लांबलचक क्रमांक येतो व त्याच्या अखेरीस ३५ असते. आज्ञापटलावरून प्रयत्न केल्यास तोच दोष ५३ म्हणून दिसतो. दोन्ही एकच आहेत, कारण पहिला आकडा षोडशमान पद्धतीत लिहिलेला असतो. असा संदेश आल्यास परवानग्यांच्या मागे लागू नये. आमच्याकडे बहुतेक वेळा मुख्य संगणक निद्रावस्थेत गेलेला असे. त्याची झोपेची सोय कायमची बंद केली आणि निम्म्या तक्रारी थांबल्या. दुसरे कारण आमच्या भागातील भारनियमनाचे. सारे संगणक इन्व्हर्टरवर, परंतु त्यांना जोडणारा लहानसा स्विच मात्र साध्या बोर्डावर. वीज गेली की सर्व पडदे चालू आणि फाइल एकही नाही! वीज परतल्यावर राउटर कधी मुख्य संगणकास निराळा आकडी पत्ता देतो. त्यामुळे पत्त्यात आकडे न घालता संगणकाचे नाव घालावे. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या जाळ्याला ‘पब्लिक’ समजते व सामायिक फोल्डर दडवते. मुख्य संगणकावर ते ‘प्रायव्हेट’ करावे लागते.

प्रवेशाचे प्रकरण गहन आहे. येथे संगणक सापडतो, फोल्डरही दिसतो, पण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणून दार लागते. या दाराला कुलपे दोन असतात. एक फोल्डर सामायिक करताना लावलेले, दुसरे डिस्कवरील त्या फोल्डरचे स्वतःचे. जाळ्यातून येणाऱ्यास दोन्ही उघडावी लागतात आणि दोहोंतील जे अधिक कडक, तेच लागू होते. एकीकडे लिहिण्याची मुभा व दुसरीकडे केवळ वाचण्याची असेल, तर केवळ वाचताच येते. पुष्कळांना पहिलेच कुलूप माहीत असते. ते उघडून ते थकतात.

याच सदरातील एक अनुभव विस्ताराने सांगण्यासारखा आहे. आमच्या निर्मिती-विभागातील दशमूलारिष्टाच्या एका घाणीचे बॅच रेकॉर्ड तपासणीच्या दिवशी उघडेना. त्याच फोल्डरमधील इतर सर्व घाण्यांची रेकॉर्डे उघडत होती; हे एकच नाही. शेड्यूल टी पाळणाऱ्या कोणत्याही निर्मात्यास त्या क्षणीची आमची अवस्था सांगावयास नको. अरिष्ट उत्तम उतरले होते, संधानाच्या दिवसागणिक नोंदी होत्या, कच्च्या द्रव्यांचे तपशील होते. आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना दाखवावयास एक पांढरा चौकोन! कारण पुढे कळले ते असे. पर्यवेक्षकांनी ती फाइल आधी आपल्या खाजगी फोल्डरमध्ये लिहिली होती व पूर्ण झाल्यावर ‘कट’ करून सामायिक फोल्डरमध्ये ‘पेस्ट’ केली होती. एकाच डिस्कवर फाइल अशी हलविली, तर ती आपल्या जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येते. हलविण्याऐवजी ‘कॉपी’ केली असती, तर तिने नव्या घराचे नियम स्वीकारले असते. उपाय सोपा निघाला: मुख्य संगणकावर फाइलच्या ‘सिक्युरिटी’ या सदरात जाऊन वरच्या फोल्डरच्या परवानग्या पुन्हा लागू करणे. दोन मिनिटांचे काम. परंतु त्या दिवशी ते जाणणारा कोणी नव्हता आणि अधिकारी पुन्हा आले ते आठवड्याने.

संकेतशब्द बदलल्यानेही दार लागते. विंडोज जुना संकेतशब्द ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ या कप्प्यात जपून ठेवते व तोच पुनःपुन्हा पुढे करते. तेथील जुनी नोंद काढली की प्रश्न मिटतो. १२१९ हा क्रमांक दिसल्यास समजावे की, एकाच संगणकावरून मुख्य संगणकाकडे दोन निरनिराळ्या नावांनी जाण्याचा यत्न झाला आहे. आधीची जोडणी तोडून एकाच नावाने जावे.

नव्या संगणकाची तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. हिशेबासाठी आणलेला कोरा संगणक फोल्डर उघडीत नाही, आठ वर्षांचे जुने मात्र सुखाने उघडतात, तेव्हा नव्यात दोष आहे असे म्हणून लोक विक्रेत्याशी भांडतात. वस्तुतः दोष आपल्या जुन्या सवयीत असतो. संकेतशब्दाविना, पाहुणा म्हणून शिरण्याची सोय आपण वर्षानुवर्षे वापरली. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीपासून ‘प्रो’ प्रकारात हा पाहुणाप्रवेश मूलतः बंद असतो आणि जोडणीवर ‘सायनिंग’ची सक्ती असते. मुख्य संगणकावर प्रत्येक कामासाठी संकेतशब्दासह स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करणे, हाच यावरील उपाय. फार जुने साठवणयंत्र असेल, तर ते ‘एसएमबी १’ ही जुनी बोली बोलणारे असू शकते. २०१७ च्या उत्तरार्धापासून नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये ती बोली मुळात घातलेलीच नसते.

येथे काही दुरुस्तीवाले ती बोली पुन्हा चालू करून देतात, किंवा फोल्डरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ असे लिहून मोकळे होतात. तक्रार तत्काळ शमते, हे खरे. परंतु २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर रुग्णालयांचे संगणक बंद पाडले, ते याच जुन्या बोलीतील छिद्रातून. इंग्लंडमधील सरकारी रुग्णसेवेस त्या वेळी ठरलेल्या हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. आणि ‘एव्हरीवन’ या शब्दात आपला हिशेबनीसही येतो. एखाद्या स्त्रीरुग्णाचा केसपेपर त्याने का वाचावा? लक्षण दडपणाऱ्या उपायांविषयी आपण इतरांना एवढे बोलतो, ते स्वतःच्या कचेरीतही लागू करावे.

आता फाइलविषयी. एक्सेलचा तक्ता कोणी उघडला की त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाआधी तिरपी लाट व डॉलर अशी दोन चिन्हे असलेली एक लहान अदृश्य फाइल तयार होते. फाइल कोणाच्या हाती आहे, हे तीत लिहिलेले असते. वीज गेली वा संगणक गोठला तर ती मागे राहू शकते, आणि मग कोणीही नसताना ‘कोणीतरी उघडली आहे’ असा संदेश येतो. खरोखर कोण आहे, हे मुख्य संगणकाच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खालील ‘ओपन फाइल्स’ या यादीत पाहता येते. तेथून जोडणी तोडताही येते, मात्र समोरच्याचे न जतन केलेले लिखाण त्यासरशी जाऊ शकते. म्हणून आधी हाक मारून विचारावे. यादीत कोणी नसेल, तरच ती मागे राहिलेली लहान फाइल काढावी.

संदेशात जे नाव येते, ते एक्सेल बसविताना दिलेले नाव असते. आमच्या चारही संगणकांवर ते ‘यूजर’ असेच होते, त्यामुळे ‘यूजर’ने फाइल अडविली आहे असे कळून उपयोग शून्य! एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ते बदलून आम्ही ‘काउंटर’, ‘तपासणी-कक्ष’, ‘निर्मिती’ व ‘हिशेब’ असे केले. याहून स्वस्त सुधारणा आम्हांस ठाऊक नाही.

लांब नावांचा उपद्रव मराठी नावे देणाऱ्यांना अधिक होतो. संपूर्ण पत्ता २१८ अक्षरचिन्हांहून लांब झाला तर एक्सेल फाइल उघडण्यास नकार देते. ‘दशमूलारिष्ट’ हा शब्द आपण सहा अक्षरांचा समजतो. संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सारे निराळे मोजून त्याची अकरा चिन्हे करतो. फोल्डरात फोल्डर, त्यात वर्ष, त्यात कल्प, त्यात घाणी, असे पाच मजले चढले की मर्यादा संपते.

संदेशावरून जागा कळली नाही, तर काय करावे? गूढलिंग व्याधीत आपण उपशय-अनुपशयाने परीक्षा करतो, तीच पद्धत येथे उपयोगी पडली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडली तर दोष पहिल्या संगणकाकडे. त्याच संगणकावर दुसऱ्या नावाने प्रवेश करून पाहावे. उघडली तर दोष परवानगीत. त्याच फोल्डरमधील दुसरी फाइल उघडावी. ती उघडली तर दोष त्या एका फाइलचा. उपमा यापुढे ताणण्याची गरज नाही. इतके केल्यावर दुरुस्तीवाल्यास दूरध्वनी केला तरी तो दहा मिनिटांत उत्तर देतो, हे मात्र आम्ही अनुभवले आहे.

आमच्याकडे आता दोन गोष्टी बदलल्या आहेत. काउंटरवर ‘चालू औषधे’ हा तक्ता केवळ वाचण्यासाठीच उघडतो, त्यामुळे तपासणी-कक्षातून लिहिताना तो अडत नाही. मात्र उघडून ठेवलेल्या तक्त्यात नवी नोंद आपोआप दिसत नाही, म्हणून प्रत्येक रुग्णाच्या वेळी तो बंद करून पुन्हा उघडण्याचा दंडक आहे. आणि फाइल न उघडल्यास प्रत काढण्यास सर्वांना मनाई आहे. त्याऐवजी टेबलाच्या खणात दोरीने बांधलेली एक वही ठेवली आहे. नोंद तीत करावयाची, चिठ्ठी रुग्णाच्या हाती द्यावयाची, आणि फाइल उघडल्यावर नोंद उतरवून वहीतील ओळीसमोर सही करावयाची. सही नसलेली ओळ शिल्लक असेपर्यंत संध्याकाळी औषधालयाचे कुलूप लावले जात नाही. त्या फार्मासिस्ट भगिनींनीच हा नियम सुचविला, आणि किल्लीही त्यांच्याकडेच असते.