बंदिस्त विजेरीतील जुने सेल : घ्यावयाची दक्षता

नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे काम सूर्यास्ताबरोबर संपत नाही. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेचे ओलीत असो, रात्रीच्या पाळीत मिळालेल्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणे असो, अथवा रामटेक-पारशिवनीच्या जंगलालगत धानाच्या बांधीवर रानडुकरांपासून राखण करण्यासाठी जागल असो, हाती विजेरी असावीच लागते. मण्यारीसारखा विषारी साप रात्रीच हिंडतो. अशा वेळी विजेरी न लागणे ही केवळ गैरसोय नव्हे, तर जिवाशी गाठ आहे. विजेरी ऐन वेळी दगा देते तेव्हा पुष्कळदा दोष आत तसेच राहून गेलेल्या जुन्या सेलांचा असतो.

सेलमध्ये काय असते ?

सेल फोडला असता आत जी काळी भुकटी दिसते ती प्रामुख्याने मँगनीज डायऑक्साइडची असते. हा पदार्थ नागपूरकरांना परका नाही. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीतून निघणारे मँगनीज सेलच्या कारखान्यांना पुरविले जाते. जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६६ साली मँगनीज डायऑक्साइड व जस्त यांचा घट तयार केला. आजचे साधे सेल त्याचेच सुधारलेले रूप होय. साध्या सेलमध्ये जस्ताचे भांडे हेच सेलचे कवच असते आणि वापराबरोबर ते झिजत जाते. अल्कलाइन सेलमध्ये मात्र कवच पोलादाचे असते व आत जस्ताची पूड पोटॅशियम हायड्रॉक्साइड या दाहक क्षाराच्या द्रावणात भिजविलेली असते. असा सेल अधिक काळ टिकतो. परंतु त्यातील द्रावण कातडी व डोळे भाजणारे असते.

सेल का पाझरतो ?

सेल वापरात नसला तरी आतील जस्त व क्षारद्रावण यांची क्रिया मंदपणे चालूच राहते आणि तीतून हायड्रोजन वायू निघतो. सेल उतरल्यावर हे प्रमाण वाढते. सर्वांत वाईट स्थिती जुने व नवे सेल एकत्र घातल्याने ओढवते. औताला एक ताजा व एक थकलेला बैल जुंपला, तर ताजा बैल थकलेल्याला फरफटत नेतो. त्याचप्रमाणे नवे सेल संपलेल्या सेलमधून बळेच प्रवाह ढकलतात, त्याची धन व ऋण टोके उलटतात आणि वायू झपाट्याने तयार होतो. दाब फार वाढला म्हणजे सेल फुटू नये यासाठी त्याच्या बुडाशी मुद्दाम ठेवलेला नाजूक पडदा फाटतो व द्रावण बाहेर येते. टोकांवर साचणारा पांढरा थर या द्रावणाची हवेशी क्रिया होऊन बनतो.

बंदिस्त विजेरीतील विशेष धोका

जुन्या पत्र्याच्या विजेरीला फटी असत. त्यांतून वायू निघून जाई. हल्लीच्या जलरोधक विजेरीच्या झाकणास रबरी कडे असते. त्यामुळे पाणी आत येत नाही, तसा वायूही बाहेर जात नाही. विजेरीची नळी ॲल्युमिनियमची असल्यास पाझरलेला क्षार त्या धातूलाही खातो व आणखी हायड्रोजन निर्माण करतो. दाब साचल्यास झाकण उघडताना वेगाने उडू शकते. शिवाय हवेत सुमारे ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला असता ते मिश्रण बटणातील ठिणगीनेही पेट घेते. याच कारणास्तव पाणबुड्यांच्या कित्येक दिव्यांत दाब सोडणारी झडप किंवा हायड्रोजन शोषून घेण्याची योजना असते. असे स्फोट क्वचितच होतात. परंतु विजेरी चेहऱ्याजवळ धरली जात असल्याने इजा डोळ्यांस होण्याचा संभव असतो.

उतरलेले सेल उन्हात किंवा चुलीजवळ ठेवून "ताजे" करण्याची रीत अनेक घरांत आहे. उष्णतेने सेल थोडा वेळ उजेड देतोही. परंतु त्यात नवी शक्ती येत नाही, आतील दाब व पाझर मात्र वाढतो. ही रीत सोडून देणेच हिताचे होय.

पुढील दक्षता घ्यावी :

१. विजेरीतील सर्व सेल एकाच वेळी बदलावेत. जुना-नवा, साधा-अल्कलाइन किंवा निरनिराळ्या बनावटीचे सेल एकत्र घालू नयेत.

२. उजेड मंद होताच सेल काढावेत. बटण चुकून चालू राहणार नाही हे पाहावे.

३. महिनाभर विजेरी लागणार नसेल, तर सेल बाहेर काढून थंड व कोरड्या जागी ठेवावेत.

४. साधे अल्कलाइन सेल चार्ज करू नयेत, विस्तवात टाकू नयेत व मुलांच्या हाती देऊ नयेत.

५. बंद पडलेली जलरोधक विजेरी मोकळ्या हवेत, विडी-चुलीपासून दूर व तोंडापासून लांब धरून हळूहळू उघडावी. फुगून अडकलेले सेल ठोकून अगर तापवून काढू नयेत.

सेल पाझरलेला आढळल्यास हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालून तो काढावा. अल्कलाइन सेलचा डाग लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरात भिजविलेल्या फडक्याने पुसून नळी पूर्ण कोरडी करावी. द्रावण अंगावर किंवा डोळ्यांत गेल्यास मात्र लिंबू वगैरे काहीही न लावता स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे सतत धुवावे. डोळ्यांस लागले असल्यास धुतल्यानंतर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. टाकाऊ सेल शेतात, विहिरीत किंवा खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ते संकलन केंद्रावर द्यावेत.

रब्बी आटोपली की विजेरी खुंटीला लागते ती मृगापर्यंत. मधल्या काळात नागपूरचा पारा कित्येकदा ४५ अंशांपलीकडे जातो आणि आत राहिलेले सेल त्या उन्हाळ्यातच खराब होतात. खुंटीला लावण्यापूर्वी सेल काढून ठेवण्यास क्षणभरच लागतो. तेवढे केल्यास पहिल्या पावसाच्या अंधाऱ्या रात्री बांधावर पाऊल ठेवताना विजेरी खात्रीने साथ देईल.