भारताचा कोच आणि डेम्पोचा कोच: माणूस एकच!

आमच्या भद्रावतीत फुटबॉलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "टीम हरली ना, मग कोच बेकार!" मला हे पटत नाही. गोव्याचे आर्मांदो कुलासो आठवा.

डेम्पो क्लबला त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. २००४-०५ आणि २००६-०७ ची नॅशनल फुटबॉल लीग, नंतर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याची पोरं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. पाया तोच होता.

२०११ मध्ये कोच बॉब हाउटन यांनी पद सोडल्यावर भारताची टीम कुलासोंकडे आली. जुलैत वर्ल्ड कप पात्रता फेरी, समोर यूएई. अल ऐनच्या पहिल्या सामन्यात देबब्रत रॉय आणि गोलकीपर सुब्रत पॉल, दोघांनाही पूर्वार्धातच रेड कार्ड! उरलेला सामना नऊ जणांनी काढला, ३-० ने हरले. पाच दिवसांनी दिल्लीत मात्र त्याच यूएईला २-२ वर रोखलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त बाहेर पडणं. काही महिन्यांतच ती जबाबदारी सावियो मदेरांकडे गेली.

आता वरच्या यादीतलं शेवटचं साल पुन्हा बघा. भारताचं पद गेलं त्याच हंगामात कुलासोंनी डेम्पोला आय-लीग जिंकून दिली!

म्हणून मित्रांनो, कोचला नावं ठेवण्याआधी एवढं बघा: टीम घडवायला त्याला वर्षं मिळाली होती, की महिने?